घरातील कार्बन उत्सर्जन कमी करायचे आहे : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
कोथरूडवासी, पुणे

नमस्कार. आम्ही पाच जण (मी, यजमान, सासूबाई, अभियांत्रिकीला असलेली मुलगी आणि नववीतला मुलगा) कोथरूडमधील एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. मुलीला महाविद्यालयात आपल्या घराच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याचा प्रकल्प मिळाला, आणि त्या निमित्ताने हा विषय आमच्या घरात आला तो कायमचाच. तिने एका परदेशी संकेतस्थळावर आमची माहिती भरून पाहिली. परंतु तेथे घर तापवण्यासाठी कोणते इंधन वापरता आणि आठवड्यातून किती वेळा गोमांस खाता असे प्रश्न होते, आणि सिलिंडर, गिझर, छताचे पंखे किंवा स्कूटर यांचा उल्लेखही नव्हता. त्यामुळे आलेल्या उत्तरावर आमचा विश्वास बसला नाही.

गेल्या वर्षभराची बिले आणि पावत्या काढून मी पुढील आकडे जुळवले आहेत. विजेचा वापर वर्षाला साधारण ३,००० युनिट असून एप्रिल-मे महिन्यांत तो बराच वाढतो. सिलिंडर वर्षाला ९ लागतात. यजमानांचे कार्यालय कल्याणीनगरला असल्यामुळे मोटारीला महिन्याला सुमारे ५० लिटर पेट्रोल लागते, आणि माझ्या व मुलीच्या सामाईक स्कूटरला ८ लिटर. गेल्या मे महिन्यात सासूबाई वगळता आम्ही चौघे विमानाने दिल्लीला जाऊन तेथून हिमाचलला गेलो होतो. घरात एक एसी आहे, तो उन्हाळ्याचे अडीच महिने रात्री चालतो. पंखे पाच आहेत आणि ते सगळे जुने आहेत.

मुलीचा आग्रह असा, की गॅस हे जीवाश्म इंधन असल्यामुळे शेगडी काढून टाकून संपूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर करावा, आणि स्कूटरही विजेवरची घ्यावी. यजमानांचे म्हणणे असे, की वीज कोळशापासूनच तयार होत असल्यामुळे या दोन्ही बदलांनी काहीच साधणार नाही. मला दोघांचेही पटते, आणि त्यामुळेच निर्णय होत नाही. आमच्याकडे पैसा आणि उत्साह दोन्ही मर्यादित आहेत. ते जेथे खरोखर उपयोगी पडतील तेथेच खर्च करावेत अशी इच्छा आहे. या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
जुना लेखापरीक्षक, नाशिक

आपण आकड्यांसह प्रश्न विचारलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मी अनेक वर्षे कारखान्यांचे ऊर्जा लेखापरीक्षण केले आहे, आणि तेथे पहिला नियम असा असतो, की उपाय सुचवण्याआधी ऊर्जा नेमकी कोठे जाते ते पाहावे. घरालाही तोच नियम लावू.

हिशेबासाठी चार आकडे पुरेसे आहेत. आपल्या देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या किंचित वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपला की साधारण ४२ किलो वायू तयार होतो, आणि एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो. देशांतर्गत विमानप्रवासात दर प्रवाशामागे दर किलोमीटरला १०० ते १२० ग्रॅम धरावेत. पुणे-दिल्ली हे अंतर हवाईमार्गाने १,२०० किलोमीटरच्या थोडे आत आहे. या हिशेबाने आपल्या घराची वीज वर्षाला सुमारे २,१०० किलो, मोटार १,३८०, दिल्लीची ती एक सहल साधारण ९५०, नऊ सिलिंडर ३८० आणि स्कूटर २२० किलो उत्सर्जन करते. सगळे मिळून पाच टन, म्हणजे माणशी एक टन. यात अन्न, कपडे, बांधकाम आणि वस्तू धरलेल्या नाहीत. ज्या शेगडीवरून घरात वाद चालला आहे, ती या यादीत चौथ्या क्रमांकावर आहे, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

आता मुलीचा प्रश्न. तो अतिशय चांगला आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंना थोडे अनपेक्षित आहे. सिलिंडरमधील गॅसची एकूण उष्णता विजेच्या मापात मोजली तर सुमारे १८० युनिट भरते. साध्या शेगडीवर त्यातील साठ टक्के उष्णता भांड्याला मिळते आणि उरलेली भांड्याच्या कडेने निसटते. म्हणजे उपयोगी पडतात ते ११० युनिटच्या आसपास. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर तेवढ्याच स्वयंपाकासाठी सुमारे १३० युनिट वीज लागेल आणि तिच्यामागे ९० किलोच्या वर उत्सर्जन होईल. गॅसमागे मात्र ४२ किलोच होते. गॅस शुद्ध करून घरापर्यंत आणण्याचे उत्सर्जन त्यात मिळवले तरी आजच्या वीजजाळ्यावर इंडक्शन मागेच पडते. कारण असे, की औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो, आणि त्या महागड्या विजेपासून आपण पुन्हा साधी उष्णताच निर्माण करतो.

स्कूटरची गोष्ट मात्र उलट आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. लिटरला ४५ किलोमीटर चालणारी स्कूटर दर किलोमीटरला ५० ग्रॅम वायू सोडते; विजेवरची स्कूटर चार्जिंगमधील घट धरूनही ३०-३५ वॉट-तास वीज घेते (हजार वॉट-तासांचे एक युनिट), म्हणजे कोळशाच्या विजेवरसुद्धा २५ ग्रॅमच्या आत राहते. तेव्हा स्कूटरबाबत मुलगी बरोबर आहे आणि शेगडीबाबत यजमान. आपल्या गच्चीवर सौरवीज आली, किंवा पुढे वीजजाळे पुरेसे स्वच्छ झाले, तर शेगडीचा निर्णय पुन्हा तपासावा. मात्र चालू स्थितीतली स्कूटर केवळ यासाठी मोडीत काढू नये. ती बदलण्याची वेळ येईल तेव्हा विजेवरची घ्यावी.

आता सर्वांत मोठ्या रकमेकडे, म्हणजे विजेकडे येतो. पाच जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे असतील आणि वर्षातील नऊ महिने सरासरी दहा तास पूर्ण वेगाने फिरत असतील, तर एकट्या पंख्यांना वर्षाला १,००० युनिट लागतात. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटारीचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटमध्ये देतो. म्हणजे सहाशे युनिट वाचतात, आणि ते ४२० किलो होतात. आपण गॅसचे नऊच्या नऊ सिलिंडर बंद केले असते तरी एवढी घट झाली नसती. घरात इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असून पंखे बहुतेक वेळ मंद चालत असतील, तर बचत यापेक्षा कमी होईल, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून सर्वांत जास्त चालणारे दोन पंखे आधी बदलावेत.

गिझरबाबत इतकेच सांगतो, की २२ अंशांच्या पाण्यापासून आंघोळीजोगी ४० अंशांची एक बादली करायला सुमारे ०.४ युनिट लागते. पाच बादल्यांची दोन युनिटे आणि टाकीतून झिरपणारी उष्णता मिळून वर्षाला सातशेच्या घरात आकडा जातो. सौर बंब बसवणे शक्य असेल, तर या रकमेचा मोठा भाग जवळजवळ पुसला जाईल.

एसीविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. तापमान २४ वर ठेवावे, दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे आता सर्वांना माहीत आहे, आणि जानेवारी २०२० पासून स्टार मानांकन असलेले नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर यावेत असा नियमही झाला आहे. परंतु एसीच्या आत असलेला शीतक वायू स्वतःच भयंकर उष्णताधारक असतो. आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो; नव्या यंत्रांतील आर-३२ हा ६७५ पट. जुन्या यंत्रातून एक किलो आर-४१०ए निसटला, तर तो दोन टनांचा हिशेब होतो, म्हणजे आपली वर्षभराची सगळी वीज. ‘गॅस संपला आहे, भरून देतो’ असे कारागीर म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवावे, की तो वायू पेट्रोलसारखा वापरून संपत नसतो. तो कोठून तरी गळलेला असतो. आधी गळती शोधून जोड बंद करून घ्यावा, मगच वायू भरावा. आणि जुना एसी भंगारात देताना नळी कापून वायू हवेत सोडू देऊ नये.

प्रतिसाद २
परसबाग, सहकारनगर, पुणे

वरील प्रतिसाद वाचून माझ्या स्वतःच्याच काही समजुती दुरुस्त झाल्या. गॅसचा आकडा लहान असला तरी तो आणखी लहान करणे आपल्या हातात असते, आणि त्याला काही खर्चही येत नाही. राजमा, छोले, मटकी हे रात्री भिजत घातले की कुकरला निम्म्याहून कमी वेळ लागतो. भाताचा कुकर पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ठेवून लवकर उतरवला तरी वाफेवर भात पूर्ण शिजतो. आणि पातेल्याच्या बुडापेक्षा मोठी ज्वाळा म्हणजे ओट्यावरची हवा तापवणे होय. माझी आजी खिचडीचे पातेले चुलीवरून उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवत असे आणि तासाभराने तीच खिचडी वाढत असे. मी आजही हे करते. दरवर्षी माझा एक सिलिंडर तरी वाचतो असा माझा अनुभव आहे.

पण स्वयंपाकघरातील खरी मोठी गोष्ट ओट्याखाली, कचऱ्याच्या डब्यात आहे. ओला कचरा इतर कचऱ्यात मिसळून कचराडेपोत गेला, की ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तो कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्यामुळे किती वर्षे सोसले, हे आपण पुणेकरांनी विसरू नये. ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताईंना आपण सुका कचरा वेगळा आणि कोरडा दिला, तर त्यांच्या हाताला घाण लागत नाही आणि कागद-प्लॅस्टिकला भावही मिळतो. सोसायटीत ओला कचरा जागेवरच जिरवता आला तर सर्वांत उत्तम.

मी गेली अकरा वर्षे बाल्कनीत दोन मोठ्या जाळीदार टोपल्यांत खत करते. सुरुवातीला दुर्गंधी आणि चिलटे यांमुळे दोनदा हा प्रयोग सोडून दिला होता. नंतर कारण समजले : कचरा फार ओला होत होता. डबा बंद आणि चिखलासारखा झाला, की आत हवा राहत नाही आणि आपल्याच बाल्कनीत कचराडेपोची लहान प्रतिकृती तयार होऊन तेथेही मिथेन निघू लागतो. प्रत्येक थरावर तेवढ्याच मापाचा वाळलेला पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा भुसा घालावा आणि दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करावे. चांगल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. आपल्याकडे जागा अधिक असेल, तर डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने विकसित केलेल्या घरगुती बायोगॅसचाही विचार करावा. शेणाऐवजी खरकटे, शिळा भात आणि खराब पीठ यांवर चालणाऱ्या या संयंत्राला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. मात्र त्याला रोजचे लक्ष लागते, आणि माणसे सतत गावाला जाणाऱ्या घराचे ते काम नाही.

खाण्याच्या बाबतीत परदेशी संकेतस्थळांचे प्रश्न आपल्याला लागू पडत नाहीत, हे खरे आहे. तरीही पाणी साचलेल्या भातखाचरांतून आणि गाई-म्हशींच्या पोटातून मिथेन येतोच. आठवड्यातील चार रात्री भाताऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी केली, आणि पनीर-लोण्याचा अलीकडे वाढलेला वापर पूर्वीइतका आणला, तर आपल्या जिभेवर काही अन्याय होत नाही. कोरडवाहू ज्वारीला खाचरही लागत नाही आणि रात्रंदिवस चालणारा पंपही लागत नाही.

सौर बंबाबद्दल एक सूचना द्यावीशी वाटते. पुणे महानगरपालिका सौर बंब, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंधारण यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. सोसायटीने अर्ज करून तपासणी करून घेतली पाहिजे. चौथ्या मजल्यापर्यंत गच्चीवरून पाणी येताना नळीतील गार पाणी आधी बाहेर येते, ते बादलीत धरून ठेवावे आणि गरम पाण्याच्या नळीला आवरण घालून घ्यावे. आमच्याकडे हे आवरण नसल्यामुळे पहिली दोन वर्षे लोक कंटाळून पुन्हा गिझर लावत होते.

प्रतिसाद ३
चंद्रपूरकर

आपल्या सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले. मी चंद्रपूरचा आहे, आणि जे युनिट आपण कोथरूडमध्ये मोजता ते आमच्याकडे कसे दिसते, हे सांगावेसे वाटते.

आमच्या शहराला लागून असलेल्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. एक युनिट वीज तयार करायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो, आणि आपल्याकडील कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राख असते. पंखे बदलून सहाशे युनिट वाचतील असे वर म्हटले आहे. त्याचा आमच्या भाषेत अर्थ असा, की सुमारे ४०० किलो कोळसा खाणीतून निघणार नाही आणि सव्वाशे किलोच्या वर राख आमच्याकडे साठणार नाही. ते केंद्र आणि आम्ही एकाच इरई धरणाचे पाणी पितो; २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले तेव्हा पाण्याअभावी वीजनिर्मितीचे संच बंद ठेवावे लागले होते. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत गणले गेले. तेव्हा बटण बंद करण्याला अर्थ नाही, असे मला कधीच वाटत नाही.

तरीसुद्धा मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. माणशी कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याची पद्धत लोकांच्या तोंडी झाली ती २००० नंतरच्या दशकात, बीपी या तेलकंपनीने केलेल्या जाहिरातींमुळे. तेल विकणाऱ्यांनी ग्राहकाला ‘तुझे उत्सर्जन किती?’ असे विचारले, की प्रश्न आपोआप कारखान्याच्या दारातून घराच्या दारात येऊन उभा राहतो. भारतीयांचे सरासरी उत्सर्जन वर्षाला माणशी दोन टनांच्या आसपास आहे; जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आणि अमेरिकेची सात पटींच्या घरात आहे. आणि आपली ही सरासरीसुद्धा फसवी आहे, कारण तिच्यात विमानाने फिरणारे कुटुंबही येते आणि एका दिव्यावर राहणारे पाड्यावरचे कुटुंबही येते. दुसऱ्या कुटुंबाला आपण काटकसर शिकवायला गेलो, तर ते अन्यायाचे होईल.

उन्हाळ्याबाबतही सांभाळून बोलले पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. अशा वेळी गारवा ही चैन राहत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या जिवाचा तो प्रश्न असतो. विदर्भात घरोघरी वाळ्याच्या किंवा लाकडी कातरणाच्या ताट्यांचा कूलर असतो आणि तो २०० वॉटच्या आसपास वीज घेतो. एसीच्या तुलनेत हे फारच थोडे आहे. हवा कोरडी असते तोवर तो उत्तम चालतो. पुण्यातही एप्रिलमध्ये तो चालावा; वळवाच्या सरी येऊन हवा दमट झाली की मात्र त्याचा उपयोग संपतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की आपण घरातले बदल जरूर करावेत, पण आपला अर्धा उत्साह सोसायटीच्या सभेसाठी राखून ठेवावा. एका घराच्या पाच पंख्यांपेक्षा चाळीस घरांची गच्ची कितीतरी मोठी असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
कोथरूडवासी, पुणे

आपण तिघांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हे सर्व प्रतिसाद मुलीने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. चंद्रपूरच्या राखेचा हिशेब ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, आणि आज सकाळी त्यांनी स्वतःहून देवघरातला रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बंद केला.

शेगडी राहील असे ठरले आहे. दोन शयनगृहांतील पंखे या महिन्यात बदलू. विमानाबद्दल घरात मतभेद आहेत. यजमानांना फार रजा मिळत नाही. मात्र पुढच्या वेळी जाताना रेल्वेने जाऊन येताना विमानाने यावे, इथपर्यंत ते आले आहेत. ओल्या कचऱ्यासाठी एक टोपली आणली आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. पहिला असा, की वनाझ स्थानक आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि मेट्रो आता कल्याणीनगरपर्यंत जाते. यजमान आठवड्यातून तीन दिवस मेट्रोने जायला तयार आहेत, पण एवढ्याने खरोखर काही फरक पडेल का, असे ते विचारतात. दुसरा प्रश्न गच्चीचा. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. आमच्या सोसायटीत ३६ सदनिका आहेत, गच्ची मोठी आहे, पण मध्यभागी पाण्याच्या दोन उंच टाक्या आहेत आणि त्यांची सावली पडते. अशा गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद ४
जुना लेखापरीक्षक, नाशिक

मेट्रोचा हिशेब सोपा आहे. एका बाजूचे अंतर १३ किलोमीटर धरले आणि वर्षातील ४६ आठवडे धरले, तर तीन दिवसांच्या हिशेबाने मोटारीचे सुमारे ३,६०० किलोमीटर वाचतात. शहरातील गर्दीत मोटार लिटरला १३ किलोमीटर देत असेल, तर ते पावणेतीनशे लिटर पेट्रोल झाले. मेट्रोला लागणाऱ्या विजेतला यजमानांचा वाटा वजा केला तरी निव्वळ घट ५०० किलोच्या आसपास राहते. आपण आतापर्यंत ठरवलेल्या सर्व बदलांत हा एकच बदल सर्वांत मोठा आहे, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. हे त्यांना माझ्या वतीने अवश्य सांगावे. रेल्वेबद्दलही त्यांचे अभिनंदन करावे. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या आता विजेवर धावतात, आणि विमानाच्या तुलनेत माणशी उत्सर्जन पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्याही खाली येते.

आता गच्ची. एक किलोवॉटच्या सौर संचाला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि आपल्या भागात तो वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास वीज देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी, प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. सभेत सर्व सदनिकांच्या विजेचा विषय एकदम काढू नये. तेथे कोणाला किती लाभ यावर वाद होतो आणि प्रस्ताव बारगळतो, हे मी अनेक सोसायट्यांत पाहिले आहे. सामाईक मीटरचे बारा महिन्यांचे बिल घेऊन जावे आणि फक्त तेवढ्यापुरता ठराव मांडावा. लिफ्ट आणि पंपाचे बिल कमी झाले की देखभालखर्च सर्वांचाच कमी होतो, त्यामुळे सहसा विरोध होत नाही.

टाक्यांच्या सावलीची चिंता योग्य आहे, कारण जुन्या पद्धतीच्या जोडणीत एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याच्या सोबत जोडलेल्या संपूर्ण ओळीचे उत्पादन घटू शकते. पण सावली उत्तरेकडे लांब पडते आणि ती सर्वांत लांब डिसेंबरच्या अखेरीस असते. टाक्यांच्या दक्षिणेकडचा भाग बहुधा वर्षभर मोकळा सापडेल. पॅनेल तेथेच, दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे १८ अंशांच्या उतारावर बसवावेत. उत्तरेकडील जागा सौर बंबासाठी ठेवायची झाली, तर तीही हिवाळ्याची सावली पाहूनच ठरवावी. विक्रेता येऊन मोजमाप करीलच, पण त्याच्या आधी आपल्या मुलीला एक काम द्यावे. कोणत्याही निरभ्र दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन दोन्ही टाक्यांच्या सावलीची कड खडूने आखावी, टाक्यांची उंची फुटांत मोजावी, आणि ती आकृती कागदावर उतरवून तारखेसह येथे टाकावी. डिसेंबरमध्ये सावली कोठपर्यंत जाईल ते मी त्यावरून काढून देतो, म्हणजे रविवारच्या सभेत आपल्याला किती किलोवॉट मागायचे ते नेमके सांगता येईल.